तीन वर्षांचे साहेब

हिंगोलीहून वाशिमकडे निघाले की कनेरगाव नाका लागतो. मराठवाडा इथे संपत येतो आणि थोड्याच अंतरावर विदर्भ सुरू होतो. १९४८ पर्यंत ही दोन राजवटींमधली सरहद्द होती. अलीकडे निजामाचे हैदराबाद आणि त्याचा हाली सिक्का, पलीकडे इंग्रजी अमलातला वऱ्हाड आणि कलदार रुपया. पुढे संस्थान गेले, १९६० साली दोन्ही बाजू एका महाराष्ट्रात आल्या, पण बँकांच्या नकाशावरची रेघ काही पुसली गेली नाही. अलीकडच्या शेतकऱ्याची जिल्हा बँक परभणीची, पलीकडच्याची अकोल्याची. ग्रामीण बँकाही दोन: इकडे महाराष्ट्र ग्रामीण, तिकडे विदर्भ कोकण ग्रामीण. या दोन ग्रामीण बँका १ मे २०२५ रोजी एक झाल्या.

बँका एकत्र आल्या की ठेवी किती, कर्जे किती, भांडवल किती, याची चर्चा होते. माणसांची चर्चा युनियनच्या पत्रकांत आणि चहाच्या टपरीवर होते. या लेखाचा विषय तोच आहे. मोठी बँक आपली माणसे कशी निवडते, कशी शिकवते, कशी चढवते आणि कशी फिरवते, आणि या सगळ्याचा परिणाम कनेरगाव नाक्यासारख्या गावातल्या खातेदारापर्यंत काय पोहोचतो. माझे मत आधीच सांगून टाकतो. गेल्या पन्नास वर्षांत आपल्या सरकारी बँका माणसे सांभाळण्यात बऱ्याच हुशार झाल्या, पण ती हुशारी वरच्या कार्यालयांच्या सोयीची आहे. खेड्यातली शाखा ही त्यांच्या लेखी अजूनही बढतीच्या वाटेवर काढायचा काळ आहे.

या भागाची मोठी बँक म्हणजे हैदराबाद बँक. कागदोपत्री ती स्टेट बँक ऑफ हैदराबाद. १९४१ च्या कायद्याने ती स्थापन झाली आणि ५ एप्रिल १९४२ रोजी हैदराबादच्या गनफाउंड्रीत तिचे काम सुरू झाले. तेव्हा तिचे नाव हैदराबाद स्टेट बँक होते आणि संस्थानचे चलन सांभाळणे हे तिचे एक काम होते. १९५६ मध्ये ती रिझर्व्ह बँकेकडे गेली, नाव बदलले, आणि १९५९ च्या कायद्याने स्टेट बँकेची उपकंपनी झाली. संस्थान मुळातच तेलुगू, मराठी, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषांचे. त्यामुळे बँकेचा नोकरवर्गही चार भाषांचा होता. या मिश्रणाचा एक फायदा असा की परभणी-नांदेडकडून लागलेला कारकून हैदराबाद, बिदर, गुलबर्गा फिरून आला तरी तो जुन्या संस्थानच्या हद्दीतच राहायचा आणि बहुधा पुन्हा आपल्या मुलखात यायचा. बँक मोठी होती, पण तिचा मुलूख माणसाच्या आवाक्यातला होता. कर्मचारी विकासाच्या पुस्तकात या गोष्टीला जागा नसते. शाखेत मात्र तिचा उपयोग रोज होतो.

१९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस अग्रणी बँक योजना आली आणि बँकांना एकाएकी खेड्यात जावे लागले. आजवर कापड दुकानदार आणि जिनिंगवाल्यांचे चेक वटवणाऱ्या माणसाला आता विहिरीच्या कर्जाचा प्रस्ताव वाचायचा होता. बँकांनी यावर दोन उपाय केले. एक, शेतीचे पदवीधर घेतले. परभणीला १९७२ साली कृषी विद्यापीठ झाले. अशा विद्यापीठांतून बाहेर पडलेली मुले बँकांत फील्ड ऑफिसर झाली. मोटारसायकलवर फिरणारा, बांधावर उभा राहून पीक बघणारा हा अधिकारी गावाला बँकेचा चेहरा वाटायचा. दुसरा उपाय प्रशिक्षणाचा. स्टेट बँकेचे स्टाफ कॉलेज १९६१ पासून हैदराबादला होतेच. १९६९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पुण्यात कृषी बँकिंग महाविद्यालय काढले आणि त्याच वर्षी राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्था स्थापन झाली. ती पुढे मुंबईहून पुण्यात कोंढव्याला आली. भारतातल्या बँकरांच्या घडणीत पुण्याचा हा वाटा पुणेकरांनाही फारसा ठाऊक नसतो.

त्या वर्षांत स्टेट बँकेचे अध्यक्ष राजकुमार तलवार होते. त्यांच्या काळात अहमदाबादच्या आयआयएमच्या प्राध्यापकांना बरोबर घेऊन बँकेची फेररचना झाली. शाखा कशासाठी आहे, तिचे ग्राहक कोण, त्या गटांप्रमाणे आत कामाची वाटणी कशी व्हावी, असा विचार एखाद्या सरकारी संस्थेने तेव्हा करणे ही मोठी गोष्ट होती. पुढे उदय पारीक आणि टी. व्ही. राव या दोघांनी 'मनुष्यबळ विकास' ही कल्पना भारतीय संस्थांत रुजवली. सुरुवात १९७५ च्या सुमारास लार्सन अँड टुब्रोत झाली आणि लगेच पाठोपाठ स्टेट बँक व तिच्या सहयोगी बँका आल्या. म्हणजे आपली हैदराबाद बँक या विषयात देशातल्या पहिल्या काही संस्थांमध्ये होती. तोवर हजेरी, रजा आणि शिस्तभंग पाहणाऱ्या पर्सोनेल खात्याला आता माणसाच्या वाढीबद्दलही बोलावे लागले. साहेबाने वर्षातून एकदा हाताखालच्या माणसाला समोर बसवून त्याच्या कामाविषयी बोलावे, ही अपेक्षा त्या काळची. ती किती शाखांत पाळली गेली हे प्रत्येक निवृत्त बँकवाला आपापल्या साहेबाला आठवून सांगेल.

पगार आणि श्रेणींचा भाग भरभर पाहू. कारकून आणि शिपायांचे पगार आधी लवादांनी ठरवले. १९६६ पासून ते बँका आणि संघटना यांच्यातल्या द्विपक्षीय कराराने ठरतात. पिल्लई समितीच्या शिफारशींवरून १९७९ साली सगळ्या सरकारी बँकांच्या अधिकाऱ्यांना एकसारख्या सात श्रेणी मिळाल्या. बारावा करार ८ मार्च २०२४ रोजी झाला. त्यात १७ टक्के वाढ मिळाली आणि ती १ नोव्हेंबर २०२२ पासून लागू झाली. एवढ्या मोठ्या उद्योगात पगारावरून रोजची धुसफूस होत नाही, हे या व्यवस्थेचे यश मानले पाहिजे. तोटा असा की उत्तम कामगिरी आणि जेमतेम कामगिरी यांच्या पगारात फरक जवळजवळ पडत नाही. २०२० च्या करारात प्रोत्साहन रक्कम आली, पण ती बँकेच्या एकूण नफ्यावर ठरते. नाक्यावरच्या कॅशियरने रांग कितीही झपाट्याने हलवली तरी त्याला मिळणारे जादा पगाराचे दिवस मुंबईच्या कॉर्पोरेट शाखेतल्या माणसाइतकेच. मग चांगले काम करणाऱ्याला द्यायला बँकेकडे उरते काय? बढती आणि सोयीची बदली, एवढेच.

बदलीकडे वळण्याआधी एक खड्डा पाहावा लागेल. संगणक आले तेव्हा, १९८३ आणि १९९३ साली, संघटनांशी करार करून ते आणले गेले. कोणाची नोकरी जाणार नाही, हा त्यांचा गाभा होता. नोकऱ्या गेल्या नाहीत, पण नवी भरती आटली. २०००-०१ मध्ये स्वेच्छानिवृत्ती योजना आली आणि सरकारी बँकांतून सुमारे एक लाख माणसे बाहेर पडली. त्यांतले बरेच अनुभवी अधिकारी होते, कारण बाहेर काही करण्याची ज्यांना उमेद होती तेच आधी गेले. त्याच वेळी भरती मंडळेही बंद झाली. १९७०-८० च्या दशकांत घाऊक भरलेली पिढी एकदम निवृत्तीला आली आणि तिच्यामागे मधली पिढीच नव्हती. अनिल खांडेलवाल हे मनुष्यबळ खात्यातून वर आलेले आणि बँक ऑफ बडोदाचे प्रमुख झालेले गृहस्थ. बँकेच्या सर्वोच्च खुर्चीवर या खात्यातला माणूस बसणे ही दुर्मीळच गोष्ट. २००९ साली सरकारने त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने शंभराहून अधिक शिफारशी केल्या आणि बजावले की पुढच्या पाच वर्षांत महाव्यवस्थापकांपैकी सुमारे ८० टक्के निवृत्त होतील. आज शाखांत पस्तिशीतला मॅनेजर आणि पंचविशीतला फील्ड ऑफिसर दिसतो, त्यामागे हा खड्डा आहे. ही मुले कच्ची आहेत अशी तक्रार होते. कच्ची नाहीत, त्यांना शिकवायला बसलेला माणूस तिथे नव्हता. बँकेतले खरे शिक्षण शेजारच्या टेबलावर होते. सहीत काय बघायचे, खोटा सातबारा कसा ओळखायचा, थकबाकीदाराच्या घरी कोणत्या वेळी जायचे नाही, हे हेडक्लार्क शिकवायचा. तो गेला आणि त्याच्या जागी ई-लर्निंगचे प्रमाणपत्र आले.

२०११ पासून बहुतेक सरकारी बँकांसाठी आयबीपीएसची सामाईक परीक्षा आहे. स्टेट बँक आपली परीक्षा वेगळी घेते. हिंगोली, नांदेड, परभणीतली मुले तिच्यासाठी नांदेडच्या किंवा पुण्याच्या क्लासमध्ये दोन-तीन वर्षे घालवतात. ही परीक्षा प्रामाणिक आहे आणि तिच्यात वशिला चालत नाही, ही तिची फार मोठी बाजू. शेतकऱ्याच्या पोराला या देशात इतकी सरळ दारे फारशी उघडी नाहीत. पण ती मोजते वेग, गणित, इंग्रजी आणि तर्क. बोलता येते का, ऐकून घेता येते का, माणूस रागावला तर शांत करता येतो का, हे तिच्या कक्षेबाहेर राहते. कारकुनाला स्थानिक भाषा यावी लागते. अधिकाऱ्याची नोकरी अखिल भारतीय, म्हणून भोपाळचा किंवा पाटण्याचा तरुण पहिल्याच नेमणुकीत मराठवाड्यातल्या शाखेत येतो. समोरची म्हातारी 'पोरा, माझं अनुदान आलं का' असे विचारते तेव्हा दोघेही शिपायाकडे बघतात.

२०२५ च्या एप्रिलमध्ये बँकांतल्या मराठीचा प्रश्न रस्त्यावर आला. त्या आंदोलनात दमदाटीही झाली, आणि ती चुकीचीच. काउंटरवरच्या मुलाने स्वतःची नेमणूक स्वतः केलेली नसते. राग काढायचाच तर तो धोरणावर काढावा. बँकांनाही हे उमगले आहे. स्टेट बँक आता मंडळनिहाय अधिकारी भरते आणि त्यांना त्या मंडळाची भाषा यावी लागते. बँक ऑफ बडोदाने २०२५ मध्ये 'स्थानिक बँक अधिकारी' या नावाने अडीच हजार जागा काढल्या. चूक कबूल करण्याची ही बँकेची रीत आहे, आणि ती चांगलीच म्हणायची.

आता २०१७. हैदराबाद बँकेसह पाच सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँक १ एप्रिल रोजी स्टेट बँकेत विलीन झाल्या. हैदराबाद बँकेच्या तेव्हा सुमारे दोन हजार शाखा होत्या. आदल्या वर्षी, २९ जुलै २०१६ रोजी, विलीनीकरणाविरुद्ध देशभर संप झाला होता, तो काही उपयोगी पडला नाही. ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर बदल वेगाने आणि बऱ्यापैकी सुरळीत झाला. खाती हलली, पाट्या बदलल्या, पैसा बुडाला नाही. एवढ्या प्रचंड प्रमाणावर हे करणारी बँक व्यवस्थापनात कच्ची आहे, असे कोणी म्हणू नये. माणसांच्या बाजूने मात्र गोष्ट वेगळी होती. दोन बँकांची संगणक प्रणाली जवळची असली तरी कामाची धाटणी वेगळी होती. सेवाज्येष्ठता कशी धरायची, बढतीच्या रांगेत आपण कुठे, हे प्रश्न घराघरांत होते. एकाच चौकातल्या दोन शाखांची एक झाली तेव्हा दोन मॅनेजरांपैकी एकाला उठावे लागले. देशभरात अशा शेकडो शाखा एकमेकींत मिसळल्या. हैदराबाद बँकेत आयुष्य घालवलेली माणसे निवृत्तीनंतरही 'आमची बँक' म्हणताना स्टेट बँकेचे नाव घेत नाहीत. यात हळवेपणा आहे, पण माहितीही आहे. त्यांच्या बँकेत वरच्या साहेबाला माणूस नावाने ठाऊक होता. मार्च २०२५ अखेर स्टेट बँकेत सुमारे २ लाख ३६ हजार माणसे आणि २२ हजार ९०० च्या वर शाखा होत्या. इतक्या माणसांना कोणी नावाने ओळखू शकत नाही. मग आकड्यांनी ओळखावे लागते.

ही आकड्यांची व्यवस्था अरुंधती भट्टाचार्य यांच्या अध्यक्षपदाच्या काळात, म्हणजे २०१३ ते २०१७ मध्ये, उभी राहिली. तिला बँकेत सीडीएस म्हणतात. पूर्वी गोपनीय अहवाल असायचा. साहेबाने काय लिहिले हे बढती हुकल्यावर कळायचे, आणि तेही नक्की नाही. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त खटल्यात प्रत्येक शेरा संबंधिताला कळवलाच पाहिजे असे सांगितले. त्यानंतर बंद लिफाफ्याची सद्दी संपतच आली होती. सीडीएसमध्ये प्रत्येकाच्या भूमिकेला मोजता येतील अशी उद्दिष्टे लावली आणि गुण बऱ्याच अंशी संगणकावरच्या आकड्यांतून येऊ लागले. वशिल्याला त्याने आळा बसला. भट्टाचार्य यांनी स्त्रियांना मुले किंवा आजारी माणसे सांभाळण्यासाठी दोन वर्षांपर्यंतची रजा घेण्याची सोयही केली. बँकेच्या माणसांसाठी त्या काळात झालेल्या कामांत मला ही सगळ्यांत टिकाऊ वाटते, कारण तिने काही अनुभवी बायकांना राजीनाम्यापासून वाचवले.

पण मोजता येते तेच वाढते, हा या पद्धतीचा धोका आहे. ठेवी मोजता येतात, विमा पॉलिसी मोजता येतात, ॲप डाउनलोड मोजता येतात. एका कुटुंबाला सावकाराकडे जाण्यापासून परावृत्त केले, हे कोणत्या रकान्यात भरायचे? कर्ज मागायला आलेल्याला विमा गळ्यात मारण्याच्या प्रकाराबद्दल अर्थमंत्र्यांनीही बँकांना जाहीरपणे सुनावले आहे. सुनावणारे दिल्लीत असतात आणि टार्गेटचा फोन रोज संध्याकाळी प्रादेशिक कार्यालयातून येतो. दिवसभर काउंटर, सहानंतर डे-एंड, मग व्हिडिओ कॉन्फरन्स, त्यात आकडे कमी पडल्याबद्दल सगळ्यांसमोर बोलणी. तरुण अधिकाऱ्यांच्या झोपेची आणि तब्येतीची वाट लावणारी ही दिनचर्या अनेक बँकांत सारखीच आहे. तिच्यावर उपाय म्हणून समुपदेशनाच्या हेल्पलाइन निघाल्या आहेत. हेल्पलाइन असावी. संध्याकाळचा तो फोन मात्र कोणी थांबवत नाही.

आता बदली. हा विषय बँकेबाहेरच्यांना किरकोळ वाटतो आणि बँकेतल्यांच्या आयुष्याचा तो कणा असतो.

सरकारी बँकेचा अधिकारी देशात कुठेही बदलीस पात्र असतो आणि शाखाप्रमुख एका ठिकाणी साधारण तीन वर्षे राहतो. याला कारणे आहेत, आणि ती पोकळ नाहीत. एकच माणूस फार काळ एका खुर्चीत राहिला की गैरव्यवहार मुरतो. म्हणून दक्षता आयोगाचा आग्रह असतो की संवेदनशील जागांवरची माणसे फिरती ठेवावीत. २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा जागांवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दहा कामाचे दिवस आगाऊ न सांगता सक्तीच्या रजेवर पाठवायला सांगितले, तेही याच हेतूने. शिवाय खेड्यात कोणी आपणहून जात नाही. म्हणून बढतीसाठी ग्रामीण भागातली सेवा अट म्हणून घातली गेली.

गोची इथेच आहे. अट म्हणून आलेला माणूस ती पुरी होण्याचे दिवस मोजतो. तो पहिले वर्ष गाव समजून घेण्यात घालवतो, दुसऱ्या वर्षी कामाला लागतो आणि तिसऱ्या वर्षी बदलीचे अर्ज करतो. त्याचे कुटुंब नांदेडला किंवा संभाजीनगरला मुलांच्या शाळेपाशी असते आणि शनिवारी दुपारपासून त्याचा जीव बसकडे लागलेला असतो. तो वाईट माणूस नसतो, कित्येकदा फार चांगला असतो. पण हिंगोली जिल्ह्यात सोयाबीनबरोबर हळदही आहे, आणि हळदीचे पीक आठ-नऊ महिन्यांचे. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आसपास हातात येतो. हळद काढून, शिजवून, वाळवून, पॉलिश करून हिंगोलीच्या किंवा वसमतच्या बाजारात न्यायला उन्हाळा उजाडतो. जानेवारीत वसुलीला गेलेल्या साहेबाला हळदवाला शेतकरी बनेल वाटतो आणि शेतकऱ्याला साहेब अडाणी. कर्जाचे नवे-जुने करायला कोण कधी येतो, कोणाचा सातबारा अजून आजोबांच्या नावावर आहे, कोणत्या भावकीत जामीन मागू नये, हे सगळे तीन हंगाम पाहिल्यावर कळते. ते कळेपर्यंत बदलीचा आदेश येतो आणि नवा साहेब पुन्हा पहिल्या हंगामापासून सुरू करतो.

याची दुसरी बाजू कारकुनांची आहे, आणि ती मला जास्त बोलकी वाटते. मराठवाड्यातल्या शाखांमध्ये हुशार, ग्राहकांना हवीशी वाटणारी अशी कितीतरी कारकून माणसे भेटतात जी बढतीची परीक्षाच देत नाहीत. घरी म्हातारे आईबाप, थोडी शेती, नोकरी करणारी बायको. बढती म्हणजे बदली, आणि बदली म्हणजे संसाराची दोन ठिकाणी वाटणी. मनुष्यबळ खाते याला 'महत्त्वाकांक्षेचा अभाव' म्हणत असेल. माझ्या मते तो साधा हिशेब आहे आणि बरोबर आहे. बँकेने एकच शिडी ठेवली आणि तिची पहिली पायरी परगावी ठेवली, मग चढायला कोण येणार? बायकांच्या बाबतीत हे आणखी टोकाचे होते. २०१४ मध्ये सरकारने महिला कर्मचाऱ्यांना शक्यतो पतीच्या गावाजवळ ठेवावे असे बँकांना कळवले. तरीही वरच्या श्रेणींत बायका विरळच दिसतात.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने सरकारी बँकांना बदलीचे धोरण सुधारायला सांगितले. बदल्या संगणकावर आणि पारदर्शक व्हाव्यात, पसंतीची ठिकाणे विचारावीत, शक्यतो वर्षाच्या मध्येच कोणाला उचलू नये, आणि तिसऱ्या श्रेणीपर्यंतच्या अधिकाऱ्यांना शक्यतो त्यांच्याच भाषिक प्रदेशात सामावून घ्यावे. हा शेवटचा मुद्दा कागदावर छोटा दिसतो. नाक्यावरच्या खातेदारासाठी तो मुंबईतल्या कोणत्याही नव्या ॲपपेक्षा मोठा आहे. त्यात 'शक्यतो' हा शब्द आहे, आणि सरकारी कागदातला 'शक्यतो' किती ताणता येतो हे आपण जाणतोच.

ग्रामीण बँकांनी याच प्रश्नाचे एक वेगळे उत्तर काढून पाहिले होते, ते विसरले गेले आहे. १९७५ मध्ये त्यांची कल्पना निघाली तेव्हा विचार असा होता की खेड्यासाठी खेड्यातलीच माणसे घ्यावीत, पगार राज्य सरकारच्या धर्तीवर ठेवावा, म्हणजे बँक स्वस्तही पडेल आणि आपलीही वाटेल. मराठवाडा ग्रामीण बँक १९७६ सालची, नांदेडची. माणसे खरोखरच आसपासची होती आणि ती वर्षानुवर्षे याच जिल्ह्यांत राहिली. स्वस्ताईचा भाग मात्र अन्यायाचा होता. तेच काम करणाऱ्या शेजारच्या सरकारी बँकेतल्या माणसापेक्षा यांना कमी पगार का, हा प्रश्न ओबुल रेड्डी यांच्या राष्ट्रीय न्यायाधिकरणापुढे गेला आणि १९९० मध्ये समान वेतनाचा निवाडा झाला. समान पेन्शनसाठी २०१८ पर्यंत सर्वोच्च न्यायालयात झगडावे लागले. स्थानिक माणूस म्हणजे कमी दामाचा माणूस हे गणित मोडायला चार दशके गेली. गणित मोडले ते योग्यच झाले. पण त्याबरोबर मूळ कल्पनेचा चांगला अर्धा भागही विरत चालला आहे. २००९ मध्ये मराठवाडा आणि महाराष्ट्र गोदावरी या ग्रामीण बँका मिळून महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली. आता विदर्भ आणि कोकणही तिच्यात आले आहेत. मुख्यालय छत्रपती संभाजीनगर. कोकणातला अधिकारी हिंगोलीला आणि हिंगोलीचा गडचिरोलीला जाऊ शकेल एवढा मोठा तिचा पसारा झाला आहे. ती आपली माणसे घरच्या विभागात ठेवते की मोठ्या बँकांसारखी गरागरा फिरवते, हे पुढच्या दोन-तीन वर्षांत ठरेल. महाराष्ट्र बँक तिची प्रायोजक आहे. पुण्यात जन्मलेल्या आणि महाराष्ट्राचेच नाव लावणाऱ्या बँकेकडून या बाबतीत जास्त अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

आणखी एक वर्ग आहे, जो या सगळ्या धोरणांच्या बाहेर आहे. २००६ पासून बँकांना प्रतिनिधी नेमता येतात. गावात त्यांना बँक मित्र म्हणतात. २०१४ च्या जनधन योजनेनंतर आणि २०२४ मध्ये लाडकी बहीणचे पैसे येऊ लागल्यावर खेड्यातल्या बँकिंगचा मोठा भार या पोरांवर आला. अंगठा लावून पैसे देणारा, केवायसी कुठे अडली ते सांगणारा, वयस्कर माणसांना नोटा मोजून देणारा हा माणूस कमिशनवर जगतो. तो बँकेचा कर्मचारी नाही, त्याला बढती नाही, बदलीही नाही. त्यामुळे गावाची खरी ओळख त्याच्याचकडे साठत जाते. मशीन बंद पडले की शिव्या त्यालाच. बँक आपल्या प्रोबेशनरी ऑफिसरच्या प्रशिक्षणावर जो खर्च करते त्याचा लहानसा वाटा जरी याच्यावर केला, आणि चांगले काम करणाऱ्या बँक मित्राला कारकुनाच्या भरतीत वयाची सवलत व अनुभवाचे गुण दिले, तरी गावाचा फायदा होईल. याला भरतीच्या पद्धतीत बसवणे कठीण आहे हे मान्य. पण मंडळनिहाय अधिकारी भरती करणेही एकेकाळी कठीण मानले जात होते.

मग करायचे काय? मला तीन गोष्टी सुचतात. ग्रामीण बँकिंगला स्वतःची शिडी द्यावी. ज्याला खेड्यात आणि आपल्या विभागात काम करायचे आहे त्याला तिथेच राहून चौथ्या श्रेणीपर्यंत जाता आले पाहिजे. गैरव्यवहाराची भीती असेल तर शाखा बदला, जिल्हा बदलू नका. सेनगावचा माणूस कळमनुरीला गेला तरी हळद तीच आणि भाषा तीच. शिवाय सक्तीची रजा आणि अचानक तपासणी ही शस्त्रे बँकेकडे आहेतच. मूल्यमापनात एक गोष्ट नव्याने मोजावी: मॅनेजर गेल्यानंतरच्या दोन वर्षांत त्याने दिलेली कर्जे कशी वागली. आज कर्ज वाटणाऱ्याला गुण मिळतात आणि थकबाकी त्याच्यानंतर येणाऱ्याच्या गळ्यात पडते. आणि रिकाम्या जागा भराव्यात. तीन माणसांच्या शाखेत एक रजेवर असेल तर कोणतेही प्रशिक्षण आणि कोणतीही गुणपद्धती त्या दिवशी कामाला येत नाही.

यातले पहिले दोन निर्णय मुंबईत आणि दिल्लीत व्हायचे आहेत. तिसऱ्याबद्दल मात्र हिंगोलीतच काही करता येईल. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बँकांची जिल्हास्तरीय समिती दर तिमाहीला बसते. पीक कर्जाचे उद्दिष्ट किती, वाटप किती, याचे तक्ते तिथे मांडले जातात आणि वर्तमानपत्रांत छापूनही येतात. त्याच टेबलावर आणखी एक तक्ता यावा: कोणत्या शाखेत मंजूर जागा किती, भरलेल्या किती, आणि सध्याचा मॅनेजर किती महिन्यांपासून आहे. नावांची गरज नाही, आकडे पुरेत. लोकप्रतिनिधींनी, शेतकरी संघटनांनी आणि इथल्या पत्रकारांनी खरिपाच्या आधीच्या बैठकीत हा तक्ता मागावा, आणि मिळाला नाही तर त्याच्या पुढच्या बैठकीत पुन्हा मागावा.